चित्र काढायचं तर आधी सामान बघा

प्रवासावर चित्र करा म्हटलं की नवशिकी मुलं तोरणमाळचा तलाव, सातपुड्याच्या रांगा आणि वर मावळता सूर्य काढून आणतात. चित्रं वाईट नसतात. फक्त त्यात प्रवास नसतो, पोचल्यानंतरचा देखावा असतो. मी खानदेशात बरीच वर्षं येणारी-जाणारी माणसं रेखाटतेय. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं एवढंच की चेहरा नंतर काढा, आधी सामान बघा. माणूस कशासाठी निघालाय ते तिथे दिसतं.

भुसावळ-सुरत लाइनीवर अमळनेर किंवा दोंडाईचाला फलाटावर तासभर बसा. लेकाकडे सुरतेला निघालेल्या आजीजवळ कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया आणि वरती, दबू नयेत म्हणून, भरिताची वांगी असतात. ती पिशवी खाली ठेवत नाही, मांडीवर घेते. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचं सामान म्हणजे उचलून आणलेलं अख्खं घरच : पातेली, ताडपत्री, गोधड्या, कोयते, कोंबडीसुद्धा. हेच सामान होळीच्या आधी सातपुड्याकडे परतताना बघा. मजुरीला गुजरातेत गेलेली पावरा-भिल्ल मंडळी होळीला घरी येतात, तेव्हा गाठोड्यात नवे कपडे असतात आणि चालण्याला वेगळीच घाई असते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी निघालेल्या लेकीचं सामान सगळ्यात कमी. तिला परत जाताना जास्त लागणार असतं.

तेव्हा पहिल्या वहीत एकच कारण घ्या. ‘प्रवास’ असा मोघम विषय घेतलात की हातून भित्तिपत्रकच निघतं. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला पायी निघालेल्यांवर करा, श्रावणात कानबाईच्या उत्सवासाठी पुण्या-सुरतेहून गावी परतणाऱ्यांवर करा, किंवा कोथळी-मुक्ताईनगरहून महिनाभराहून जास्त चालून पंढरपूर गाठणाऱ्या मुक्ताईच्या पालखीवर करा. पालखी निवडलीत तर पताका आणि टाळ सगळेच काढतात. तुम्ही मुक्कामावर दुपारी पाय पसरून बसलेल्या बाईच्या टाचा काढा.

आता कसं वाटतं ते कागदावर कसं आणायचं? डोळ्यांत पाणी काढून ते येत नाही. थकवा मानेत आणि खांद्यात असतो. ओझं एका हातात असेल तर दुसरा खांदा वर जातो, कमर वाकडी होते, भार एका टाचेवर येतो. हे एकदा नीट बघितलंत की चेहरा कोरा ठेवला तरी चालतो. वाट बघणारा माणूस तर आणखी सोपा : तो जिकडून गाडी येणार तिकडे गुडघे करून बसतो.

साधनं थोडी ठेवा. हातात मावेल अशी वही, एक बॉलपेन, एक सिक्स-बी पेन्सिल. गाडीत जलरंग उघडू नका, रंग शब्दांत लिहून घ्या : ‘लुगडं वांगी, काठ उडालेला’. डब्याच्या हिसक्याने रेघ थरथरते ती घरी जाऊन सरळ करू नका. तो हिसका गाडीने फुकट दिलेला असतो. आणि बोला, अहिराणीत बोला. ‘कथा जाई ऱ्हायनात, माय?’ (कुठे निघालात?) विचारलं की ‘आंडोरकडे, सुरतले’ (लेकाकडे, सुरतेला) असं उत्तर येतं आणि पुढची दहा मिनिटं तुम्हाला वहीकडे बघायला सवड मिळत नाही. चालेल. बायकांचं चित्र काढताना विचारून काढा, काढलेलं दाखवा. झोपलेल्या माणसाला फार जवळून काढू नका.

नवापूर स्टेशन प्रत्येकाने एकदा करावं. फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत, आणि सीमेवरचं ते प्रसिद्ध बाकडं. फिरायला आलेले त्यावर दोन राज्यांत एक-एक पाय टाकून फोटो काढतात. कामाला निघालेली माणसं त्याच बाकड्यावर डबा उघडून जेवतात, रेघेकडे ढुंकूनही बघत नाहीत. दोघांना एकाच कागदावर बसवलंत तर माणसं का निघतात यावर वेगळं भाषण करायची गरज नाही.

स्वतः फिरलंच पाहिजे का, असं मुलं विचारतात. चाळीसगावला केकी मूस (१९१२-१९८९) यांचं घर बघून या. विलायतेत शिकून आलेला हा छायाचित्रकार-चित्रकार पुढे जवळजवळ सगळं आयुष्य स्टेशनलगतच्या बंगल्यातच राहिला, आणि टेबलावर मांडणी करून त्याने अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. पंजाब मेलने कुणीतरी येणार म्हणून मूस दार उघडं ठेवत, अशी आख्यायिका गावात सांगतात. खरी-खोटी असो; निघणाऱ्यांइतकाच थांबणाराही या विषयात येतो, हे तिथे कळतं.

शिक्षणाचं थोडक्यात. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या असतील तर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द ओळखीचे असतील. बारावीनंतर कला पदवीच्या सीईटीतही हेच तीन हात तपासतात, वर सामान्यज्ञान. स्मरणचित्रात ‘बसस्थानक’ हा विषय हमखास सरावाला देतात आणि क्लासमधली मुलं तोच लाल डगल्याचा हमाल, तीच छत्रीवाली बाई पाठ करतात. तपासणाऱ्याला असे शेकडो हमाल दिसतात. तुम्ही धुळ्याच्या स्टँडवर सामान बघत बसला असाल तर तुमच्या कागदावर निदान गोणीची गाठ तरी वेगळी पडेल. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय (स्थापना १८५७) मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर जळगाव-धुळ्याकडे राहून शिकणाऱ्याला विषय दारातच आहे, जे. जे.वाल्याला तो सुट्टीत शोधावा लागतो.

पैशाचंही बोलू. अशा चित्रांना गिऱ्हाईक पटकन मिळत नाही. हॉटेलवाल्याला भिंतीवर धबधबाच हवा असतो, लग्नपत्रिकेवर बैलगाडीच. ती कामं घ्या, वेळेवर द्या, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय ब्रश भिजवू नका. वह्यांमधलं काम मात्र वेगळं ठेवा, आणि प्रदर्शन करायचंच झालं तर गॅलरीआधी गणपती मंडळाला किंवा वाचनालयाला विचारा. भाडं लागत नाही, आणि ज्यांची गाठोडी काढलीत ती माणसं तिथे बघायला येतात.