शिंक आली की धडकी भरायची

दुसऱ्या बाळंतपणात सव्वा महिना झाला, कामाला हात लावला आणि लक्षात आलं: शिंकलं, खोकलं, पाण्याची बादली उचलली की थोडी लघवी होतेय. आई म्हणाली, "अगं, बायकांना व्हायचंच ते." मी चार महिने गप्प राहिले. तेवढं थांबायला नको होतं.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. बाई म्हणाल्या, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडलेत. वारा सरू नये म्हणून आपण आवळतो, तसं आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. पहिल्या दिवशी तीन सेकंदही धरता येईना! आठ वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजायला बसले की एक फेरी व्हायची. लघवी मध्येच थांबवून मात्र हा सराव करायचा नाही. शिंक येतेय वाटलं की आधी आवळायचं. कुंथणंही बंद, म्हणून पाणी वाढवलं.

सहा आठवड्यांनी फरक जाणवला, तरी तीन महिने सोडलं नाही. परवा मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला, लागोपाठ पाचसहादा खोकले. कोरडी होते. तिथेच ओट्याला टेकून रडले.