ड्रम स्विच जोडताना मी उडवलेला जाळ

आयटीआयची दोन वर्षं झाली की पोराला वाटतं मोटर जोडायची म्हणजे काय, तीन वायरी इकडनं तीन वायरी तिकडनं, झालं. मलाबी तसंच वाटायचं. कोल्हापुरात उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपला लागलो आणि दुसऱ्याच महिन्यात लेथचा रिव्हर्स-फॉरवर्ड स्विच, म्हणजे दांड्यानं मोटर सुलटी-उलटी फिरवणारा ड्रम स्विच, बदलायला मिळाला. मोटर 2 एचपी, 1440 आरपीएम. मिस्त्री म्हणाले तू कर, मी चहा पिऊन येतो.

थिअरी सगळ्यांना पाठ असते, कुठलेही दोन फेज अदलाबदल केले की मोटर उलटी फिरते. ड्रम स्विच तेवढंच करतो, तिसरा फेज सरळ जातो. कव्हर काढलं तर आत सहा स्क्रू, डावीकडं 1, 3, 5 आणि उजवीकडं 2, 4, 6. कॉन्टॅक्टरची (स्टार्टरमधला चुंबकाचा स्विच, एका बाजूला सप्लाय, दुसऱ्या बाजूला मोटर) सवय, त्यामुळं डावीकडं सप्लाय लावला, उजवीकडं मोटर. फॉरवर्ड टाकलं, मस्त फिरली. मी खुश. रिव्हर्सला दांडा ओढला आणि धाडकन आवाज, निळा जाळ, बोर्डावरची एमसीबी पडली. आतल्या कॉन्टॅक्टवर तांब्याचे मणी झालेले.

मिस्त्री ओरडले नाहीत. मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकले, सगळ्या वायरी सोडवल्या आणि मल्टिमीटर माझ्या हातात दिला, म्हणाले आता बघ कोण कोणाला भेटतंय. फॉरवर्डला 1-2, 3-4, 5-6. रिव्हर्सला 1-3, 2-4, 5-6. म्हणजे मी ज्या 1 आणि 3 वर लाल आणि पिवळा फेज दिलेला, ते रिव्हर्सला थेट एकमेकांना चिकटत होते. सरळ फेज टू फेज शॉर्ट. फॉरवर्डला बरोबर चालली म्हणजे वायरिंग बरोबर, हा माझा भ्रम तिथंच गेला.

तर सहा टर्मिनलचा स्विच असेल तर असं करायचं. मोकळा स्विच घ्या, फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्हीची कंटिन्युटी (कुठला स्क्रू कुठल्याला जोडला जातो) मीटरनं बघून कागदावर लिहा, ऑफला सगळं तुटतंय का तेही बघा. जी जोडी फॉरवर्डला आणि रिव्हर्सला तीच राहते तो तिसरा फेज. उरलेल्या चारांत जे दोघं कधीच एकमेकांना भेटत नाहीत, म्हणजे आमच्या स्विचमध्ये 1 आणि 4, त्यांच्यावर सप्लाय, आणि 2 आणि 3 वर मोटर. तिरकं दिसतं, पण तेच बरोबर. नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, कव्हरच्या आतलं चित्र कधीकधी दुसऱ्याच मॉडेलचं असतं, त्यामुळं मी चित्र बघतो पण मीटर लावल्याशिवाय वायर कापत नाही.

मोटरच्या डब्यातल्या पट्ट्यांना उगाच हात लावू नका. त्या पट्ट्यांनी वाइंडिंग स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात, आमची स्टारमध्ये होती. स्टारची मोटर डेल्टात टाकली तर साधारण 240 व्होल्टच्या वाइंडिंगवर 415 बसतात आणि तासाभराच्या आत जळका वास येतो. नेमप्लेट वाचा, घासलेली असली तर टॉर्च तिरका मारून वाचा.

आणि ड्रम स्विचच्या आधी डीओएल स्टार्टर (हिरवं-लाल बटण दाबून मोटर थेट चालू-बंद करणारा डबा) पाहिजेच, यावर मी मालकांशी भांडतो. कारण दांडा फॉरवर्डला असताना लाइट गेली आणि दहा मिनिटांनी आली तर मशीन आपोआप सुरू होतं, तोवर कामगाराचा हात चकमध्ये (जॉब पकडणारा फिरता पंजा) असतो. स्टार्टरची नो व्होल्ट कॉइल लाइट गेली की सुटते आणि परत बटण दाबल्याशिवाय लागत नाही, म्हणून हे होऊ देत नाही. जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिलेपण त्यातच येतो, तो नेमप्लेटच्या अँपिअरवर लावायचा, आमचा 3.5 होता. अर्थिंग बॉडीला दोन वेगवेगळ्या वायरींनी.

पहिली ट्रायल बेल्ट काढून. बेल्ट चढवल्यावर फिरत्या चकला डायरेक्ट रिव्हर्स मारू नका, ऑफला थांबू द्या, जुन्या लेथवर चक आट्यांवर बसवलेला असतो, झटक्यात उलटा फिरला तर सुटून येतो.

एक राहिलं. कूलंट पंपाची (कापताना जॉबवर पाणी सोडणारा) थ्री फेज वायर ड्रम स्विचच्या पुढनं घेऊ नका, स्टार्टर आणि ड्रम स्विचच्या मधनं घ्या, त्याला वेगळा स्विच द्या. आम्ही पुढनं घेतलेली. रिव्हर्सला पंपपण उलटा फिरायचा, पाणी करंगळीएवढं यायचं, म्हणून मी पंप दोनदा खोलून धुतला.