बाईक चालवणं बंद झालंय? मग या चुका तरी टाळा

गुडघे गेले, मणक्याचं ऑपरेशन झालं, रात्रीचं नीट दिसेना किंवा घरच्यांनीच हात जोडले, कारण काही असो, एक दिवस बाईक चालवणं थांबतं. आणि मग पुढच्या दोन-चार महिन्यांत माणसं ज्या चुका करतात ना त्या बघून खरंच वाईट वाटतं, कारण हॅंडल सुटलं तरी गाडीचं निम्मं जग शिल्लक असतं आणि ते आपणच बंद करून टाकतो.

पहिली चूक, वैतागून सगळं एकदम काढून टाकणं. गाडी विकायची तर विका, पण पाने, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), प्लग पाना, सर्व्हिस मॅन्युअल यातलं काही देऊ नका, त्याचं काम पुढे आहे. जुनं हेल्मेट मात्र पुतण्याला "घे, चांगलंय" म्हणून देऊ नका, आतलं थर्माकोल वर्षानुवर्षांच्या घामाने आणि उन्हाने खराब होतं, बाहेरून चकाचक दिसलं तरी. आणि विकताना ओळखीचा आहे म्हणून नुसत्या सहीवर गाडी देऊ नका. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी त्याच्या नावावर झालेली स्वतः बघा, कारण आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय.

गाडी ठेवणाऱ्यांची चूक वेगळी, आणि ही मला सगळ्यात जास्त दिसते. दर रविवारी कव्हर काढायचं, दोन मिनिटं स्टार्ट करायची, आवाज ऐकून समाधान मानायचं आणि बंद. यात गाडीचं नुकसानच होतं! इंजिन पुरतं गरम होत नाही, जळताना तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये तसंच राहतं आणि तो आतून गंजतो, शिवाय आयडलिंगवर बॅटरी धड चार्जही होत नाही. एकतर कुणा भरवशाच्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटं नीट फिरवून आणायला सांगा, नाहीतर सरळ झोपवा. झोपवायची म्हणजे पेट्रोल कॉक बंद, कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे खालची पेट्रोल साठायची वाटी, रिकामा, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि महिन्यातून एकदा चार्जिंग, प्लग काढून तिथे चमचाभर इंजिन ऑइल आणि दोन-चार हळू किका, मेन स्टँड. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून महिनोन्महिने टाकीत तेच पेट्रोल ठेवू नका. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर कुंभारमाशी घर करते, आणि स्टार्ट करायच्या आधी ते काढायचं लक्षात ठेवा. कोकणात असाल तर पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको, आत घाम धरतो, शेडमध्ये साधी सुती चादर पुरते. आणि हो, पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करायची असते, गाडी उभी आहे म्हणून ते सोडू नका.

आता मागच्या सीटबद्दल. इतकी वर्षं स्वतः चालवलेल्या माणसाला मागे बसणं जड जातं, मान्य आहे, पण घाटात मागून "ब्रेक मार, ब्रेक मार" करू नका, पोरगं बिचकतं आणि तेच धोक्याचं असतं. निघायच्या आधी ठरवून घ्या, खांद्यावर दोन थापा म्हणजे थांब, बस्स. वळणावर त्याच्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघा, शरीर आपोआप बरोबर झुकतं.

ग्रुप सोडणं हीसुद्धा चूकच. राईडच्या मागून येणारी बॅकअप गाडी, पंक्चर किट, फर्स्ट एड, रूट काढणं, हे करायला कायम माणूस कमी असतो. रेस बघायला आवडत असेल तर ट्रॅकवर मार्शल, म्हणजे कडेला उभे राहून झेंडे दाखवणारे, लागतात, पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे रेस थांबवली, हे झेंडे कधी दाखवायचे ते शिकवतात. दिवसभर उन्हात उभं राहावं लागतं, म्हणून गुडघ्यांचा त्रास असेल तर आधीच विचारून टाइम कंट्रोलचं, म्हणजे वेळा नोंदवायचं, बसून करायचं काम मागा.

आणि तुमच्या हातातलं शिकवा हो. सेल्फ स्टार्टवर वाढलेल्या पोरांना जुन्या बुलेटला किक मारताच येत नाही, अँपिअर मीटरचा काटा मध्ये आणायचा, डीकॉम्प्रेसर (इंजिनमधला दाब सोडणारी खिट्टी) दाबून किक जराशी पुढे न्यायची, तो सोडायचा आणि मग पूर्ण किक, नाहीतर किक उलटी येऊन पायाला बसते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर बघायचे, पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारी दांडी) बोटाने सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. हे तोंडी सांगून कळत नाही, त्याचं बोट तिथे ठेवूनच दाखवावं लागतं, त्यामुळे पाना त्याच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी स्टूल घेऊन बसा.