सीमाभागात क्लिप फिरू लागली की या चुका टाळा

निपाणीत फोनवर आलेली क्लिप कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापुरात पोहोचायला मिनिटही लागत नाही. डिसेंबर 2021 मध्ये बंगळूरच्या शिवपुतळ्याच्या विटंबनेचा व्हिडिओ फिरला आणि दगडफेक बेळगावात झाली.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘खरं आहे का बघा’ असं लिहून क्लिप पुढे ढकलणं. तुमची शंका वेगळ्या मेसेजमध्ये राहते, क्लिप एकटीच पुढे जाते. जुलै 2018 मध्ये बिदर जिल्ह्यातल्या मुर्कीत मुलांना चॉकलेट देणाऱ्या पाहुण्यांची ‘मुलं पळवणारे’ अशी खबर व्हॉट्सअ‍ॅपवरून त्यांच्या गाडीच्या पुढे पळाली. वाट अडवलेलीच होती. एकाचा जीव गेला.

म्हणून आधी क्लिप थांबवा. तीन-चार ठिकाणी स्क्रीनशॉट घेऊन गुगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणारं साधन) टाका. मग नंबरप्लेट बघा: केए 22 बेळगाव, केए 23 चिक्कोडी, एमएच 09 कोल्हापूर. ‘काल खानापुरात’ म्हणणाऱ्या क्लिपमध्ये सगळ्या गाड्या भलत्याच राज्यातल्या असतील, तर तिथंच थांबा. पाट्यांची भाषा, एसटीचा रंग, पावसाळा की उन्हाळा, हेही ताडून पाहा. आवाज बंद करून एकदा बघाच, कारण घोषणा मागाहून चिकटवता येतात. दुहेरी बाण (अनेकदा फॉरवर्ड झाल्याची व्हॉट्सअ‍ॅपची खूण) नाही म्हणून क्लिप ताजी समजू नका; डाउनलोड करून नव्यानं टाकली की तो बाण दिसत नाही.

अ‍ॅडमिननं घाईनं मेसेज उडवणं ही दुसरी चूक. पुरावाच जातो. पाठवणाऱ्याचा नंबर, वेळ आणि ग्रुपचं नाव दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, क्लिप जपून ठेवा, मगच ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. त्यानंतर ग्रुपच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा. कुठं जमाव जमत असेल तर आधी 112. गाव सांगताना तालुका आणि राज्यही सांगा.

खुलासा फक्त मराठीत करू नका. तीच क्लिप कन्नड ग्रुपवर वेगळ्याच मजकुरानं फिरत असू शकते, आणि तिथं चिडलेला माणूस तुमच्याच गल्लीतला असतो. दोन्ही भाषांत चार ओळी लिहा, पहिल्या ओळीत खरी माहिती द्या, क्लिप पुन्हा जोडू नका. वडीलधाऱ्यांसाठी तेच व्हॉइस मेसेजमध्ये बोला.

इंटरनेट बंद झालं तर अफवा तोंडी फिरते, खुलासा मात्र अडकतो. पोलीस ठाणं, पंच आणि दोन्ही भाषांतल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांचे नंबर आजच कागदावर लिहून ठेवा.