घराची पाण्याची लाईन जमिनीखाली गळतीय? खोदायच्या आधी हे वाचा

सकाळी पाणी आलं की पहिली बादली गढूळ येते, तळाला बारीक गाळ बसतो, कधीकधी वास पण येतोय, पण पाच मिनिटांत पाणी निवळतं म्हणून ती बादली झाडांना घालायची आणि विसरून जायचं. आमच्या घरात दोन वर्षं हेच चाललेलं. मग वडिलांना कावीळ झाली, डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला आणि तेव्हा कुठं मी गेटपासून टाकीपर्यंतची लाईन उकरायचं मनावर घेतलं. त्या कामात जे शिकलो ते लिहितोय, कारण सांगलीत आमच्या शामरावनगरासारख्या काळ्या मातीच्या भागात हे घरोघरी होतंय आणि बहुतेक जण फक्त पाणी वाया जातंय एवढाच विचार करतात.

वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा आत येणारं पाणी जास्त वाईट. चोवीस तास पाणी असतं तर भोकातून ते नुसतं बाहेर गेलं असतं. आपल्याकडं ते ठराविक वेळेला येतं. सप्लाय बंद झाला की उताराकडच्या घरांच्या नळातून लाईन रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि ज्या भोकातून पाणी बाहेर येत होतं त्याच भोकातून भोवतीचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार गेलं असेल तर गटाराचं. त्यात कुणी लाईनला डायरेक्ट मोटर लावली असेल तर सप्लाय चालू असताना पण ओढलं जातं. म्हणून ती मोटर आधी काढा, कितीही प्रेशर कमी असलं तरी. जमिनीलगत टाकी करा, पाणी तिच्यात आपोआप पडू द्या आणि मोटर त्या टाकीवर लावा.

आता गळती आहे का आणि कुठं आहे ते कसं बघायचं. पाणी आल्यावर दहा मिनिटं थांबा, कारण सुरवातीला पाईपमधली हवा बाहेर पडते आणि हवेनं पण मीटर फिरतो. मग टाकीचा कॉक आणि घरातले सगळे नळ बंद करून मीटरजवळ बसा. मीटरमधलं बारीक चक्र फिरत असेल तर गळती मीटर आणि घराच्या मधी आहे. चक्र गप्प उभं आहे आणि गेटबाहेरची जमीन मात्र ओली आहे, तर गळती मीटरच्या अलीकडं, रस्त्याच्या बाजूला. मीटर बंद पडलेला असेल तर २० लिटरची बादली गेटजवळच्या नळाला किती वेळात भरते आणि टाकीजवळ किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा. दोन्ही नळ साधारण एकाच उंचीवर पाहिजेत, आणि एका बादलीवर विसंबू नका, दोन्हीकडं तीन तीन वेळा मोजा. टाकीजवळ दर वेळी बराच जास्त वेळ लागत असेल तर मधी कुठंतरी गळतीचा संशय धरा.

ओल दिसतीय पण ती नळाच्या पाण्याची का जमिनीतल्या झऱ्याची हे कळत नसेल तर ओटी टेस्ट करा. आरोग्य खात्याची लोकं नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग बघतात तीच ही टेस्ट. साचलेल्या पाण्याला पिवळा रंग आला म्हणजे त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते लाईनचं पाणी. रंग नाही आला म्हणून मात्र लाईनचं नाहीच असं समजू नका, मातीतून येता येता क्लोरीन मरतो. रात्री सप्लाय असेल तर अजून एक जुना उपाय आहे, लोखंडी सळई जमिनीत टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं, गळतीच्या जवळ बारीक सुऽऽ असा आवाज येतो. आमच्या प्लंबर काकांनी असंच शोधून दिलं आणि खोदल्यावर हातभराच्या आत निघालं.

रस्त्यातली मेन लाईन, तिच्यावरचा फेरूल (मेनमधून घरची लाईन निघते तो जोड) आणि तिथून मीटरपर्यंतचा भाग याला स्वतः हात लावू नका. तिथलं काम महापालिकेकडं अर्ज करून परवानाधारक प्लंबरकडूनच करायचं, रस्ता खोदायची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करायचे पैसे वेगळे. हे टाळून रात्री गुपचूप खोदणारे आहेत, पण फेरूलला धक्का लागला तर सगळ्या गल्लीचं पाणी जातं. मीटरपासून आतला भाग आपला, पुढचं सगळं त्याबद्दल.

दुरुस्ती का नवीन? प्लास्टिकचा पाईप कुणाची कुदळ लागून एका जागी फुटला असेल तर तेवढा तुकडा कापून कपलर टाका, विषय संपला. पण जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप असेल तर माझं स्पष्ट मत आहे, पूर्ण बदला. आम्ही तीन वेळा क्लॅम्प मारला होता, एकदा सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तार, एकदा एम सील, जे ओल्या पाईपला धरतच नाही. चौथ्यांदा पूर्ण पाईप बाहेर काढून अंगणात आडवा ठेवला आणि उलटा केला. वरून ठीकठाक दिसत होता, जस्ताचा करडा रंग पण जागोजागी शाबूत. खालच्या अंगाला तांबूस खपल्या सुटलेल्या आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं की आत जात होतं. ट्यूबची पट्टी सोडली तर तिच्याखाली काळा चिखल बसलेला, आणि भोक क्लॅम्प मारताना सुतळी जाईल एवढं होतं ते आता करंगळी जाईल एवढं. दोन वर्षं तिथूनच बाहेरचं पाणी आत ओढलं जात होतं.

असं का होतं तर आपली माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या ताणानं सॉकेटचे आटे ढिले होतात. वर ती ओल धरून ठेवते, आणि ऊस पट्ट्यात जमिनीत क्षार पण वाढलेत, लोखंड त्यात टिकत नाही. साताऱ्याला मुरूम आणि खडकात काम आहे, तिथं खोदाई जीव घेते पण पाईप एवढा हलत नाही. तिथं टोकदार दगड पाईपला लागणार नाही एवढं जपायचं.

जीआय पाईप कापायच्या आधी एक गोष्ट, आणि ही वगळू नका. बऱ्याच जुन्या घरांचं अर्थिंग या पाण्याच्या पाईपलाच जोडलेलं असतंय. घरात कुठं करंट लीक असेल तर तो पाईपमधून जमिनीत जात असतो आणि तुम्ही हॅकसॉनं पाईप कापला की दोन टोकांच्या मधी तुमचे हात. मेन स्विच बंद करा, टेस्टर लावा, तरी शंका असेल तर वायरमनला बोलवा. आणि प्लास्टिकचा पाईप टाकल्यावर जुनं अर्थिंग संपलं, म्हणून वेगळा अर्थिंगचा खड्डा आधी करून घ्या.

माल घ्यायला गणपती पेठेत गेलात तर एचडीपीई पाईप मागा, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा, काळा, निळ्या पट्ट्यांचा, त्यावर आयएस ४९८४ छापलेलं बघून. पीई १०० (प्लास्टिकचा दर्जा), पीएन १६ (दाब सोसायची ताकद) घेतला तर घरच्या लाईनला भरपूर झाला. इथं लोकं फसतात ते मापात: जीआय अर्धा इंची म्हणतो ते आतलं माप, एचडीपीईचं माप बाहेरून, म्हणून अर्ध्या इंचीच्या जागी २० एमएम घ्यायचा. टाकी लांब असेल तर २५ एमएम घ्या. आणि रोलमधून एकाच तुकड्यात घ्या, गेट ते टाकी मधी एकही जॉइंट नको. यूपीव्हीसी, सीपीव्हीसी हे कडक प्लास्टिकचे पाईप भिंतीवर चांगले, पण फुगणाऱ्या मातीत चिकटवलेले कडक जॉइंट मला पटत नाहीत.

खोदाई दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा. पावसाळ्यात माती फावड्याला चिकटून निघत नाही आणि मे महिन्यात तीच दगड होते. सकाळचा सप्लाय संपला की लगेच सुरवात, म्हणजे पुढच्या पाण्यापर्यंत वेळ मिळतो. चर फूटभर रुंद, दोन ते अडीच फूट खोल, गाडी जाते तिथं तीन फूट, आणि तिथं पाईप दोन इंची पाईपच्या केसिंगमधून घ्या म्हणजे पुढं बदलायला फरशी फोडायला नको. ड्रेनेजपासून होईल तेवढं लांब जा. ओलांडावंच लागलं तर पाण्याचा पाईप वर आणि ड्रेनेज खाली, मधी कमीत कमी दीड फूट, आणि त्या जागी जॉइंट अजिबात नको.

चरात तळाला चार इंच क्रश सँड, त्यावर पाईप किंचित नागमोडी, ताणून सरळ नाही, कारण गार झाला की पाईप आखडतो आणि फिटिंगमधून सुटू बघतो. जॉइंट असे करा: पाईप काटकोनात कापा, कडेची कुसळं ब्लेडनं काढा, फिटिंगमध्ये किती आत जाणार तिथं मार्करनं खूण करा, नट आणि दातेरी रिंग आधी पाईपवर चढवा, टोकाला पाणी लावून रबरी रिंगच्या पलीकडं खुणेपर्यंत दाबा, मग नट हातानं घट्ट आणि पान्यानं थोडासाच. पान्यावर उभं राहून आवळला तर नट चिरतो. मीटरकडच्या पितळी आट्यांना टेफ्लॉन टेप, आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळून.

मीटरला जोडायच्या आधी पाईप धुवून निर्जंतुक करा. दहा लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा ब्लिचिंग पावडर, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी नव्या पाईपात पूर्ण भरून दोन्ही टोकं बंद करून ठेवा. २४ तास मिळाले तर उत्तम, म्हणून घरात एक दिवसाचं पाणी आधीच साठवून ठेवा. मग ते पाणी बाहेर ओता आणि लाईन जोडल्यावर सुरवातीचं पाणी टाकीत न घेता वास जाईपर्यंत सोडून द्या. मीटरजवळ एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, टाकीतलं पाणी मागं ओढलं जात नाही.

आणि चर लगेच बुजवू नका. मजुरांना घाई असते, त्यांना सांगा की दोन सप्लाय झाल्याशिवाय माती पडणार नाही. पाणी आलं की टाकीचा कॉक बंद करून पूर्ण प्रेशर येऊ द्या आणि प्रत्येक जॉइंटवर कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून बघा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर लगेच डाग पाडते. आमच्या मीटरकडच्या जॉइंटला पहिल्या दिवशी असा डाग आला, रबरी रिंगवर वाळूचा एक कण होता, काढला, दुसऱ्या दिवशी कागद कोरडा. नंतर पाईपवर सहा इंच क्रश सँड, तिच्यावर मुरूम थराथरानं पाणी मारून धुम्मस, आणि निघालेली काळी माती फक्त सगळ्यात वरच्या थराला.

बुजवायच्या आधी टेप धरून फोटो काढा, कंपाउंड भिंतीपासून किती फूट, किती खोल. प्लास्टिकचा पाईप नंतर सळई लावून ऐकून सापडत नाही, म्हणून पाईपच्या बाजूनं एक तांब्याची इन्सुलेटेड वायर सोडून दोन्ही टोकं वर ठेवली तर मशीननं शोधता येतो. मी मापांचा कागद लॅमिनेट करून मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय, आणि महापुराचं पाणी गल्लीत येतं म्हणून तसाच एक कागद घरात लाईट बिलाच्या फाईलमध्ये ठेवलाय.