एतेकाफला बसायचंय? आधी मशिदीची हद्द विचारून घ्या

रमझानच्या शेवटच्या दहा दिवसांत घरदार-धंदा सोडून मशिदीतच मुक्काम करायचा, याला एतेकाफ म्हणतात. पैगंबरसाहेब दरवर्षी बसायचे, शेवटच्या वर्षी तर 20 दिवस बसले.

20व्या रोजाला मगरिबच्या आधी मशिदीत पोचा, म्हणजे सूर्य मावळताना तुम्ही आत पाहिजेत. मुंब्र्यात राहणाऱ्याने हे जास्त मनावर घ्यावं, कारण संध्याकाळच्या लोकलच्या भरवशावर राहिलात तर गाडीतच इफ्तार व्हायची. नियत, म्हणजे एतेकाफचा इरादा, मनात केली तरी चालते.

आता मेन गोष्ट, हद्द. आपल्याकडे मशिदी तीन-चार मजली, खाली वजूखाना (नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायची जागा), बाजूला संडास, कुठे ऑफिस, आणि हे सगळं मशिदीत धरतातच असं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी इमामसाहेबांना विचारा की नमाजची हद्द नक्की कुठपर्यंत. संडास, वजू, फर्ज गुसल (सक्तीची अंघोळ) यासाठी बाहेर गेलं तर चालतं, पण गेटवर डबा घेऊन आलेल्या भावाशी गप्पा मारायला म्हणून हद्दीबाहेर गेलात तर हनफी मताप्रमाणे (शरियतच्या मतपरंपरांपैकी एक) एतेकाफ तुटला, मग रोजा ठेवून एका दिवसाची कजा, म्हणजे भरपाई, करावी लागते. डबा आतच मागवा ना!

आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे दुसऱ्या मतपरंपरेचे, शेजारी बहुतेक हनफी, त्यामुळे ऐकीव रूलवर जाऊ नका. हनफी बायका घरात नमाजच्या ठरलेल्या जागी बसतात, शाफईत मात्र बायकांनाही मशीदच लागते. दहा दिवस रजा नाही मिळाली तर नफल (ऐच्छिक) एतेकाफ आहे, थोडा वेळ थांबलात तरी होतो.

आत बसून कुराण, नफल नमाज, दुआ. 21, 23, 25, 27, 29 या रात्री जागा, शबे कद्र, म्हणजे रमझानची सगळ्यात मोठी रात्र, यातच शोधायची असते. नवरा-बायकोचे संबंध बंद, हे कुराणातच आहे (2:187). काहीजण तोंडच उघडत नाहीत, पण मौनाला इबादत समजणं चूक, कामाचं बोला की. खरा त्रास मोबाईलचा, माझं मत विचाराल तर साधा डबडा फोन न्या, रील बघायला घरचा सोफा काय वाईट होता?

ईदचा चांद दिसला की एतेकाफ संपला, 29लाच दिसला तर नऊच दिवस भरतात, तरी पूर्ण धरतात. काहीजण ती रात्रही मशिदीतच काढून सरळ ईदच्या नमाजला जातात, तसं करणार असाल तर ईदचे कपडे आधीच बॅगेत टाका.