न बोलणारं मूल काय सांगतंय हे कसं ओळखायचं? घरच्या घरी खुणांची वही करा

पंगतीत ताटावर आडवा हात धरला की वाढणारा पुढे जातो, वर्गात करंगळी दाखवली की बाई म्हणतात जा, आणि नुसतं तोंडाने च्च केलं तरी समोरच्याला "नाही" असं कळतं. म्हणजे न बोलता बोलणं आपण सगळेच दिवसभर करतो, फक्त आपल्या खुणा सगळ्यांना माहीत असतात आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या खुणा बऱ्याचदा त्याच्या एकट्याच्या असतात, एवढाच फरक. मी स्पेशल एज्युकेटर आहे आणि नवीन पालक आले की माझं पहिलं सांगणं हेच असतं, की तो बोलेल कधी हे विचारायच्या आधी तो आत्ता काय सांगतोय ते आपण लिहून काढू.

पायरी १. आठवडाभर नुसतं बघा. एक साधी दोनशे पानी वही घ्या, पानावर तीन रकाने पाडा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. त्यात "चिडला", "हट्ट केला" असं लिहायचं नाही, तो आपला अंदाज झाला. जे दिसलं तेच लिहा, उदाहरणार्थ कुकरची शिट्टी झाली, दोन्ही कान दाबले, आतल्या खोलीत पळाला, पाच मिनिटांनी बाहेर आला. वेळ टाका, आणि जेवण झालेलं की नाही, झोप किती झाली हेही टाका, कारण भूक आणि झोप यांनी बरंच चित्र बदलतं.

पायरी २. आता अर्थ लावा, पण एका खुणेवरून नाही. माझ्याकडे एक मुलगा यायचा, तो आईचं मनगट धरून ओढायचा आणि घरचे म्हणायचे पाणी पाहिजे. वही भरल्यावर दिसलं की फ्रीजकडे ओढलं तर पाणी, दाराकडे ओढलं तर बाहेर जायचंय, आणि पाहुणे बसलेले असताना ओढलं तर इथून चला, मला गोंगाट सहन होत नाहीये. खूण एकच पण अर्थ तीन, आणि इतके दिवस त्याला तिन्ही वेळेला पाणीच मिळत होतं!

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. मूल अचानक डोकं आपटायला लागलं, स्वतःला चावायला लागलं, कानावर मारायला लागलं किंवा जेवण सोडलं, तर त्याला वागणुकीचा प्रॉब्लेम म्हणायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. दात, कान, पोट, बद्धकोष्ठता हे सगळं तपासून घ्या, कारण दुखतंय हे सांगायला त्याच्याकडे दुसरा रस्ता नसू शकतो.

पायरी ३. कळलं की लगेच उत्तर द्या, आणि त्याच्या वतीने एक-दोन शब्द बोला. हात झटकला तर "नको? बरं, नको" म्हणा आणि खरंच वाटी बाजूला करा. त्याच्या "नको"ला किंमत मिळाली की ओरडायची गरज कमी होत जाते हे मी खूपदा बघितलंय. प्रश्न विचारला तर मनात दहा अंक मोजा, आपण दोन सेकंदात पुन्हा विचारतो आणि मग त्याचा विचार पहिल्यापासून सुरू होतो.

पायरी ४. स्वतःच्या शरीराकडे बघा. खाली बसा, त्याच्या उंचीला या, चढा आवाज नको. आणि हनुवटी धरून "माझ्याकडे बघ" हे कृपा करून बंद करा, ऑटिझम असलेल्या कितीतरी लोकांना डोळ्यात बघणं त्रासाचं वाटतं, तो खिडकीकडे बघत असला तरी ऐकत असू शकतो. तसंच हात फडफडवणं म्हणजे दर वेळी त्रास असं नाही, काहींचं ते आनंदाचंही असतं, वहीत बघा म्हणजे कळेल.

पायरी ५. चित्रं आणा. आवडत्या दोन-तीन वस्तूंचे फोटो कार्डावर चिकटवा, मुलाने कार्ड हातात दिलं की ती वस्तू लगेच द्या. हीच कल्पना १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी पद्धतशीर बसवली, तिला पेक्स म्हणतात. मोबाईलवर हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं अ‍ॅप आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही. चित्रं दिली तर मूल बोलायचंच नाही ही भीती प्रत्येक घरात असते, पण आत्तापर्यंतच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचे शब्द वाढतात. कुठली पद्धत कुठल्या मुलाला, हे मात्र स्पीच थेरपिस्टशी बोलून ठरवा.

पायरी ६. वहीतल्या पक्क्या झालेल्या आठ-दहा खुणा एका पानावर उतरवा: तो असं करतो, त्याचा अर्थ असा, तुम्ही हे करा. एक प्रत फ्रीजवर, एक आजीकडे, एक शाळेतल्या ताईंकडे, एक रिक्षावाल्या काकांकडे. वर तारीख टाका, दर दोन-तीन महिन्यांनी परत तपासा, कारण मूल वाढतं तशा खुणा बदलतात. जुनं पान फेकू नका, डॉक्टर किंवा नवीन शिक्षक आधीचं विचारतात तेव्हा ते लागतं.